नेतृत्व आणि निष्ठा

निष्ठा एकतर्फी नसते, हे आपण प्रथम समजून घेतले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे. त्यामुळे विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपात मात्र एकजूट सर्वांकडून अपेक्षित होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेव्हा हा अन्याय दूर करण्याची मागणी पुढे ठेवली. संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संप झाला, तेव्हा तेच बाबासाहेब सर्व कामगारांसाठी उभे राहिले. आज आपल्यापैकी अनेकजण अधिकारी आहेत, युनियनचे पदाधिकारी आहेत. हाताखालच्या माणसाला वाऱ्यावर सोडून त्याच्याकडेच निष्ठा मागणे, हाच खरा विश्वासघात होय, असे आम्हांस वाटते.