कमलाबाई गोखले

शंभर वर्षांपूर्वी मराठी नाटकांत स्त्रियांच्या भूमिका बहुधा पुरुषच करीत. कुलीन स्त्रीने रंगभूमीवर पाऊल ठेवणे समाजास रुचत नसे. अशा काळात दुर्गाबाई कामत यांनी लोकनिंदेची पर्वा न करता अभिनयावर आपला चरितार्थ चालविला. त्यांची कन्या कमला हिचा जन्म १९०० साली झाला. तीही बालपणीच रंगभूमीवर उभी राहिली.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट काढला. त्यातील तारामती एका पुरुषाने रंगविली होती. पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात मात्र या मायलेकी पुढे आल्या. दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि कमला मोहिनी.

पुढे नट रघुनाथराव गोखले यांच्याशी कमलाबाईंचा विवाह झाला. परंतु ऐन तारुण्यात त्यांना वैधव्य आले. पदरी तीन मुलगे होते. तरीही त्या डगमगल्या नाहीत. त्यांनी नाटकांत काम करून मुलांना वाढविले. प्रसंगी त्यांनी पुरुषांच्या भूमिकाही केल्या! मुलांपैकी चंद्रकांत नामांकित नट झाले. लालजी व सूर्यकांत यांनी तबलावादनात नाव मिळविले.

१९९८ साली कमलाबाई निवर्तल्या. ज्या वाटेने जाण्यास लोक नावे ठेवीत, ती वाट या मायलेकींनी पुढच्या मुलींसाठी मोकळी केली.