भट्टीच्या धगीतून वीज, शिशावाचून

प्रश्न : आमच्या फोर्जिंग कारखान्याच्या धुराड्यातून बरीच उष्णता फुकट जाते. तिच्यापासून थेट वीज करणारे पदार्थ असतात, पण त्यांत शिसं असतं म्हणे. त्यावाचून भागणार नाही का?
– एक वाचक, फरीदाबाद

उत्तर : भागतं की! शिशाच्या लेड टेल्युराइडचा दबदबा जुना खरा. पण व्हॉयेजर अंतराळयानं १९७७पासून उष्णतेची वीज करणाऱ्या ज्या जोड्यांवर वीज मिळवताहेत त्या सिलिकॉन-जर्मेनियमच्या आहेत. त्यांत शिसं औषधालाही नाही.

एक टोक तापलं की मोकळे इलेक्ट्रॉन गार टोकाकडे सरकतात आणि व्होल्टेज येतं. मात्र मधून उष्णताही पळाली, तर गार टोक तापून खेळ खलास. वीज वाहावी पण उष्णता अडावी, हे धातूंत जमत नाही. तिथे दोन्हींची वाहतूक इलेक्ट्रॉनच करतात. अर्धवाहकांत बहुतेक उष्णता अणूंच्या थरथरीतून जाते, म्हणून ती वेगळी अडवता येते.

दिल्लीत, पुसाच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत शिवय्या बाथुला, अजय धर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली हेच केलं. ८० भाग सिलिकॉन, २० भाग जर्मेनियम आणि चिमूटभर फॉस्फरस. फॉस्फरसचे चार इलेक्ट्रॉन बंधांत गुंततात, पाचवा वाहायला मोकळा. (हात सैल सोडून चालत नाही, फॉस्फरस वाढला की व्होल्टेज घटतं.) जर्मेनियमचा अणू सिलिकॉनच्या अडीचपट जड, त्यामुळे थरथर अडखळते. शिवाय हे सगळं बॉल मिलमध्ये दळून कण नॅनोमीटरच्या मापाचे केले. मग ग्रॅफाइटच्या साच्यात दाबून, जबर विद्युतप्रवाहाने झटपट तापवून वडी पाडली. रेंगाळत तापवलं असतं तर कण पुन्हा मोठे झाले असते. कणाकणांच्या सीमांवर उरलेली थरथर विखुरते. उष्णतावाहकता २.३ वॅट प्रति मीटर-केल्विनवर आली आणि ९०० अंश सेल्सिअसला झेडटी हा, पदार्थ उष्णतेची वीज किती चांगली करतो ते सांगणारा गुणांक सुमारे १.५ भरला. व्हॉयेजरच्या काळच्या अशा मिश्रधातूत तो जेमतेम १ होता.

तरी लगेच खरेदीला निघू नका. दोन टोकांच्या तापमानातल्या दर अंश फरकामागे व्होल्टेज फार तर २९० मायक्रोव्होल्ट, म्हणजे एवढ्या तापमानालाही एका तुकड्यामागे पाव व्होल्टसुद्धा मुश्किलीने. असे शेकडो तुकडे ओळीने जोडावे लागतात. त्यांचे सांधे वर्षानुवर्षं धग सोसून टिकायला हवेत, आणि जर्मेनियम महाग. माझ्या मते तुमच्या भट्टीला आधी रिक्युपरेटर बसवावा : धुराड्याच्या उष्णतेवर आत जाणारी हवा तापते आणि इंधन वाचतं.