तलाव वाचायला चला : नवेगावबांधची एक दिवसाची सहल



पाचवीच्या वर्गाला 'तलावाचं चित्र काढा' म्हटलं, तर अर्ध्याअधिक वह्यांत मागे बर्फाचे डोंगर आणि पुढे शिडाची होडी! मुलं साकोली तालुक्यातली. कित्येकांच्या घरामागे बोडी आहे, पण त्यांना पुस्तकातलाच तलाव आठवला. तेव्हाच ठरवलं, यंदाची सहल नवेगावबांधला.

नवेगावबांध १ मे १९९९ पर्यंत आपल्याच भंडारा जिल्ह्यात होतं. आता ते गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात येतं. तिथलं राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचं. बहुतेक सहली बगिचा पाहतात, डबे खातात नि परततात. तुम्ही आधी मुलांना पाळीवर न्या.

पाळीवर उभं करून एकच विचारा, "हा तलाव देवानं केला की माणसानं?" आमची मुलं एकसुरात 'देवानं' म्हणाली! मग सांगा : अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधली जागा हेरून बांध घातला. गावानं पुढे त्यांनाच देव मानलं, कोलासूर देव. भोवतालच्या टेकड्यांना सातबहिणी म्हणतात, आणि बांधाला त्यांनीच मदत केली अशी लोककथा आहे. कथा सांगाच, पण बांध कोहळ्यांच्या हातांनी झाला हेही सांगा. गोंड राजांच्या काळापासून या भागात तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा.

यानंतर तुडूम समजवा. जुन्या तलावांत पाळीला लागून दगडी बांधणीत एकाखाली एक भोकं ठेवत, त्यांना लाकडी गुट्टे. पाणी उतरलं की खालचा गुट्टा काढायचा. ना वीज, ना मोटार. धान निसवण्याच्या वेळी पावसानं दडी मारली तर याच पाण्यावर पीक तरायचं. जास्तीचं पाणी सांडव्यातून खालच्या तलावात. फळ्यावर समजवायला मला दोन तास लागले असते, तिथं दगडगोटे मांडून दहा मिनिटांत झालं.

'मामा तलाव' म्हणजे मामाच्या गावचा तलाव, असंही एकीनं सांगितलं! खरं तर ते 'माजी मालगुजारी'. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. गाळ कुणी काढायचा, पाळ कुणी दुरुस्त करायची, हा प्रश्न तेव्हापासून गावोगावी लोंबकळतो आहे. सहावी-सातवीच्या नागरिकशास्त्राला याहून चांगला धडा कुठला?

एक गोष्ट मनाला लागली. माझ्या वर्गातला एक ढिवराचा पोरगा वर्षभर मागच्या बाकावर गप्प असायचा. तिथं तो सुटलाच. मरळ कुठं लपते, देवधान कोणतं, जाळं कुठं टाकायचं नाही, सगळं भडाभडा सांगत होता, आणि वर्गातला पहिला नंबर त्याला प्रश्न विचारत होता. त्याच्या प्रगतिपुस्तकात 'परिसराचे ज्ञान कमी' असा शेरा मीच दिलेला होता. परतल्यावर खोडला.

पालकांनो, सहलीआधी घरच्या आजोबांना विचारून आपल्या गावच्या तलावाची पाच नावं लिहून पाठवा : पाळीचं, सांडव्याचं, घाटाचं, जे आठवेल ते. जायचं तर दिवाळीनंतर जा. तलाव भरलेला असतो, धानाची कापणी सुरू असते, थंडीचे पाहुणे पक्षी उतरू लागतात. दुर्बीण एक असली तरी पुरते. पाळीवर मुलांच्या जोड्या करा आणि पाण्याकडच्या उतारावर कुणालाही सोडू नका, मोठ्यांनाही.