खेळातील आघात आणि मेंदू

1962 सालच्या मार्च महिन्यात भारताचा क्रिकेट संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. बार्बाडोस संघाविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ या द्रुतगती गोलंदाजाचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर उजव्या बाजूस आदळला. कॉन्ट्रॅक्टर डावखुरे फलंदाज असल्यामुळे तीच बाजू गोलंदाजाकडे होती. शिरस्त्राण वापरण्याची पद्धत त्या काळी नव्हती. कवटीचे हाड भंगले आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी आपले रक्त दिले. चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनीही दिले. पुढे तामिळनाडूतील वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. जेकब चँडी यांनी कवटीच्या भंगलेल्या जागी धातूची पट्टी बसविली. ती साठ वर्षांनी, 2022 साली, मुंबईत काढण्यात आली. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा प्रथम दर्जाचे सामने खेळले, परंतु कसोटी सामना त्यांच्या वाट्यास परत आला नाही.

हाड न मोडताही इजा

मोडलेले हाड डॉक्टरांना दिसते; मेंदूची इजा मात्र पुष्कळदा दिसत नाही. प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे 1300 ते 1400 ग्रॅम वजनाचा, अत्यंत मऊ असा अवयव होय. कवटीच्या आत तो द्रवामध्ये जणू तरंगत असतो. डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालणारी स्त्री एकाएकी थांबली, तर घागर थांबते पण आतले पाणी हिंदकळते. डोक्यास धक्का बसला असता मेंदूचे असेच होते. डोके गर्रकन फिरले, तर मेंदूतील सूक्ष्म चेतातंतू ताणले व पिळले जातात. त्यामुळे मेंदूचे कार्य काही काळ बिघडते. यालाच मस्तिष्कसंक्षोभ म्हणतात. यात मनुष्य बेशुद्ध पडतोच असे नाही. डोके दुखणे, ओकारी येणे, तोल जाणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, ही त्याची चिन्हे होत.

शिरस्त्राणाने कवटी वाचते, परंतु आत मेंदूचे हिंदकळणे पूर्णपणे थांबत नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी.

लहान आघातांची मोठी बेरीज

अमेरिकेतील रोगनिदानतज्ज्ञ हॅरिसन मार्टलंड यांनी 1928 साली मुष्टियोद्ध्यांच्या एका विकाराचे वर्णन केले. असे खेळाडू दारू न पिताही झिंगल्यासारखे चालत, त्यांचे बोलणे अडखळे आणि पुढे बुद्धीही मंदावे. इंग्लंडमध्ये 1973 साली कॉर्सेलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 15 मृत मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली आणि या विकाराच्या खुणा स्पष्ट केल्या. 2002 साली पिट्सबर्ग येथे डॉ. बेनेट ओमालू यांना माइक वेब्स्टर या अमेरिकन फुटबॉलपटूच्या मेंदूत तशाच खुणा आढळल्या.

या विकारात ‘टाउ’ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या मेंदूच्या वळ्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचतात. हे प्रथिन निरोगी स्थितीत चेतातंतूंच्या आतील सूक्ष्म नलिकांना आधार देते. त्याचे निश्चित निदान आजही मृत्यूनंतरच होते. एकदा डोके आपटले म्हणजे हा विकार जडतो, असे मुळीच नाही. वर्षानुवर्षे बसलेले असंख्य आघात, त्यांत लक्षणे न दिसणारेही आले, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते.

स्कॉटलंडमध्ये 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसून आले की, माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासाच्या रोगांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण इतरांच्या सुमारे साडेतीनपट होते. मात्र हृदयविकाराने व फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणारे त्यांच्यात कमी होते. म्हणजे खेळ सोडणे हा उपाय नव्हे. डोक्याचे आघात कमी करणे हा उपाय होय. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने 2020 साली प्राथमिक शाळेतील मुलांच्या सरावात डोक्याने चेंडू मारण्यास मनाई केली, ती याच विचाराने.

मैदानावरील नियम

1998 साली ढाका येथे रमण लांबा हे भारतीय खेळाडू फलंदाजाच्या अगदी जवळ, शिरस्त्राणावाचून क्षेत्ररक्षण करीत असता चेंडू त्यांच्या डोक्यावर बसला. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले, परंतु तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. चालता येते म्हणजे धोका टळला, हा समज किती घातक आहे हे यावरून कळते. आंतरराष्ट्रीय क्रिकेटने 2019 साली असा आघात झालेल्या खेळाडूच्या जागी पूर्णपणे खेळू शकणारा बदली खेळाडू देण्याचा नियम केला. 2020 साली कॅनबेरा येथे रवींद्र जडेजा यांच्या जागी युझवेंद्र चहल खेळले, ते याच नियमाने.

कुंभकोणमजवळचे इन्नंबूर असो की महाराष्ट्रातील एखादे कबड्डीचे मैदान, नियम एकच आहे. डोक्यास मार लागून संशयास जागा असेल, तर मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नये. त्याला एकटे सोडू नये. वाढती डोकेदुखी, वारंवार ओकारी, झापड, झटके अथवा हातापायांतील अशक्तपणा दिसताच विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. पहिले एक-दोन दिवस विश्रांती द्यावी आणि लक्षणे गेल्यावर, डॉक्टरांच्या संमतीने, पायरीपायरीने खेळाकडे परतू द्यावे. मोडलेला हात प्लास्टरमध्ये दिसतो, म्हणून त्या मुलाला कोणी खेळावयास बोलावीत नाही. न दिसणाऱ्या इजेलाही तोच मान दिला पाहिजे.