खोली, भाडे आणि जात : मराठी कथात्म साहित्यातील भाडेकरूचा शोध

मराठी भाषेत ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ हे शब्द समानार्थी नाहीत. घर बांधले जाते, बिऱ्हाड केले जाते आणि वेळ आली की हलविलेही जाते. ‘घर पाहावे बांधून’ आणि ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ या दोन म्हणींमध्ये निवाऱ्याच्या दोन भिन्न कल्पना आहेत. महानगराने यांत तिसरा शब्द रूढ केला, तो म्हणजे ‘खोली’. शिरूर तालुक्यातील केंदूर हे संत कान्होराज पाठक यांच्या नावाशी जोडलेले, परंतु पाण्याच्या टंचाईने ग्रासलेले गाव. अशा गावातून शहरात जाणाऱ्या माणसाचा घर ते खोली हा प्रवास केवळ अंतराचा नसतो. गावात त्याची ओळख सर्वांना असते. शहरात खोली मिळण्यापूर्वी ती विचारली जाते. मराठी कथात्म साहित्याने या विचारणेची नोंद कशी घेतली, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

१. पार्श्वभूमी

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. १९२० नंतर विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभारल्या. एका कुटुंबास एक खोली आणि सामाईक संडास, असे या वस्तीचे सर्वसाधारण रूप होते. घाटावरून आणि कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांना मात्र स्वतंत्र खोली परवडत नसे. एका गावचे वा एका नात्यातले पुरुष मिळून एक गाळा घेत, पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने सप्टेंबर १९४० मधील भाडे हा प्रमाण भाड्याचा आधार ठरविला. याचे दोन परिणाम झाले. जो आधीपासून राहत होता, त्याला संरक्षण मिळाले. जो नव्याने येत होता, त्याच्यासाठी दार अरुंद झाले. भाडे नाममात्र राहिले आणि प्रवेशाची किंमत पागडीच्या रूपाने वसूल होऊ लागली. पागडी घेणे या कायद्यानुसार गुन्हा होता, तरीही ती सर्रास घेतली जाई. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने तिला मान्यता दिली. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. ‘आतला’ आणि ‘बाहेरचा’ हा भेद त्यामुळे केवळ भावनिक नाही. त्याला कायद्याचा आणि अर्थव्यवहाराचा आधार आहे. पुढील कृतींचे वाचन याच भेदाच्या आधारे केले आहे.

२. आतले आणि बाहेरचे

पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) ही आतल्यांची कथा आहे. तेथील भाडेकरू तक्रारी करतात, भांडतात, मंडळे स्थापन करतात; परंतु खोली मिळेल की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे नाही. शेवटच्या चिंतनात चाळीविषयी जो हळवेपणा प्रकट होतो, तो स्थिरपणे राहिलेल्यांचाच असू शकतो. हे या कृतीचे वैगुण्य नव्हे. तथापि चाळजीवन म्हणजे शेजारधर्म, असे समीकरण मांडताना या शेजारात कोणाला स्थान होते, हे विचारणे अभ्यासकाचे काम आहे.

दया पवार यांच्या ‘बलुतं’मधील (१९७८) कावाखाना हे त्याच शहराचे दुसरे चित्र. येथे खोली एका कुटुंबाचीही नसते. तिच्यात पोटभाडेकरू सामावलेले असतात आणि आडोसा हीच भिंत असते. भाडे परवडावे म्हणून खोलीचे आणि त्यासोबत खाजगीपणाचेही तुकडे पडतात. जयवंत दळवी यांच्या ‘चक्र’मध्ये (१९६३) तर माणसे भाड्याच्या व्यवहाराच्याही बाहेर, झोपडपट्टीत फेकली गेलेली आहेत. त्यांच्या दृष्टीने चाळीतील खोली हीच प्रतिष्ठा ठरते.

३. न सांगितलेली किंमत

या प्रश्नाचे मर्म बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेत सर्वांत तीव्रतेने प्रकट होते. निवेदक मुंबईचा, रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातमध्ये आलेला. नोकरी मिळाली, पगार मिळणार आहे; म्हणजे भाडे देण्याची ऐपत आहे. तरीही जातीच्या प्रश्नाला बगल दिल्याशिवाय त्याला आसरा मिळत नाही. सत्य उघड होताच मारहाण होते. येथे भाड्याच्या रकमेत न मोजलेली एक किंमत आहे, ती म्हणजे मौन. शीर्षकातील ‘चोरली’ हे क्रियापद या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. जे स्वतःचेच आहे ते लपविण्याला चोरी म्हणावे लागते. गुन्हा व्यवस्थेचा, परंतु आरोपीची भाषा पीडिताच्या तोंडी येते.

ही कथा निव्वळ कल्पित नाही, हे इतिहास सांगतो. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तेथे निवारा मिळेना. पारशी नाव धारण करून ते पारशी पथिकाश्रमात राहिले; जात कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून घालविले. दोन मित्रांकडेही त्यांची सोय होऊ शकली नाही. स्वतः आंबेडकरांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग नोंदविला आहे. पदवी, पद आणि पैसा तिन्ही असताना दार बंद राहिले. प्रसंग आणि कथा यांत सुमारे साडेचार दशकांचे अंतर आहे, रचना मात्र एकच आहे.

४. अध्यापनासाठी काही दिशा

या कृती स्वतंत्रपणे शिकविल्या असता विनोद, आत्मकथन, वास्तववाद आणि विद्रोह अशा कप्प्यांत विभागल्या जातात. ‘खोली कोणाला मिळते?’ हा एकच प्रश्न त्यांना विचारला असता त्या एकमेकींशी बोलू लागतात. विद्यार्थ्यांनी प्रत्येक कृतीत खोलीची मागणी कोण करतो, कोण उत्तर देतो आणि रकमेखेरीज काय मोजावे लागते, याची तुलना करावी.

हा प्रश्न आता मुंबईपुरता राहिलेला नाही. १९९० नंतर रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात कारखानदारी वाढली आणि मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेल्या कामगारांसाठी शेताच्या कडेला खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. ज्या तालुक्याने शहराला भाडेकरू पुरविले, तोच आता घरमालक झाला आहे. केंदूर परिसरातील विद्यार्थ्याला बागूलांची कथा वाचताना निवेदकाच्या जागी स्वतःला पाहणे सोपे जाईल. दार उघडून ‘कुठले तुम्ही?’ असे विचारणाऱ्याच्या जागी स्वतःला पाहणे अधिक कठीण आहे. त्या कथेचे खरे वाचन तेथूनच सुरू होते.