जुनी पिकअप: दुरुस्ती की बदल?

भिलाईच्या पोलाद कारखान्यात ‘कॅपिटल रिपेअर’ हा शब्द कामगारांच्या नित्याच्या बोलण्यातला आहे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. झोतभट्टीचे विटांचे अस्तर उष्णतेने झिजत जाते. काही वर्षांनी भट्टी थंड करून ते नव्याने बांधावे लागते. हा खर्च रोजच्या डागडुजीत धरला जात नाही, कारण तो पुढील अनेक वर्षांच्या उत्पादनासाठी केलेला असतो. म्हणूनच तो करण्यापूर्वी, जुनी भट्टी राखावी की तिची जागा दुसरीने घ्यावी, हा प्रश्न विचारणे भाग पडते.

त्याच शहरात सुपेल्याच्या बाजारातून भाजी किंवा पॉवर हाऊसच्या दुकानांतून सिमेंट आणि सळ्या वाहून नेणाऱ्या पिकअपच्या मालकापुढे हाच प्रश्न लहान आकारात उभा राहतो. फरक इतकाच, की कारखान्याजवळ स्वतःचे अभियंते आणि लेखापाल असतात. पिकअपच्या मालकाला सल्ला देतात ते मिस्त्री आणि विक्रेता. पहिल्याची मिळकत दुरुस्तीवर अवलंबून, दुसऱ्याची विक्रीवर. दोघेही प्रामाणिक असू शकतात. पण हिशेब मालकाने स्वतःच मांडलेला बरा, कारण त्या गाडीवर त्याचे घर चालते.

हिशेबाआधी गाडीची तपासणी. येथे पहिला भेद करावा लागतो तो बदलता येणाऱ्या आणि न बदलता येणाऱ्या भागांचा. क्लचप्लेट, पाटे, किंगपिन, रेडिएटर, गिअरबॉक्स, इतकेच नव्हे तर संपूर्ण इंजिनही बदलता येते. चेसिस मात्र गाडीचा कणा होय. वर्षानुवर्षे क्षमतेहून अधिक माल भरल्याने तिला, विशेषतः पाट्यांच्या आधारांपाशी, तडे जातात. तडा वेल्डिंगने सांधता येतो, परंतु सांध्यालगतचे तापलेले पोलाद पूर्वीसारखे राहत नाही आणि पुढचा तडा बहुधा तिथेच शेजारी पडतो. एका ठिकाणचा तडा जाणत्या कारागिराकडून सांधून घेता येईल. दोनतीन ठिकाणी तडे असतील आणि हौद्याखालील लोखंड गंजून पापुद्रे सुटत असतील, तर इंजिनावर पैसा घालण्यात अर्थ नाही. म्हणून इंजिन उघडण्यापूर्वी गाडीखाली शिरून चेसिस पाहावी. पुष्कळ मालक नेमके उलट करतात, कारण इंजिनाचा आवाज ऐकू येतो आणि चेसिस मुकी असते.

इंजिनाची प्रकृती धुराच्या रंगावरून बरीच कळते. निळसर धूर म्हणजे इंजिनात वंगणतेल जळत आहे. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजले असतील, तर दुरुस्ती मोठी. केवळ व्हॉल्व्हची सील गेली असतील, तर काम थोडक्यात आटोपते. टर्बो असलेल्या गाडीत त्याच्या सीलमधूनही तेल गळू शकते. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. इंजेक्टर बिघडला असेल किंवा हवेची जाळी तुंबली असेल. कोळसा, चुनखडी आणि धातुमळीची धूळ उडणाऱ्या रस्त्यांवर ही जाळी लवकर तुंबते आणि तिच्यापायी इंजिनालाच दोष दिला जातो. जाळी फाटलेली असेल तर प्रकार अधिक वाईट: आत गेलेली धूळ लायनरला पॉलिशपेपरसारखी घासते. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरमधील पाणी कमी होऊ लागले, तर हेडचे पॅकिंग किंवा हेडच संशयास्पद ठरते. या सर्व अनुमानांची खात्री सिलिंडरमधील दाब मोजून होते. ही चाचणी स्वस्त आहे, तरी ती न करताच इंजिन उतरवण्याची घाई केली जाते.

दोष निश्चित झाल्यावर हिशेब. त्यात सर्वांत मोठा अडथळा मनाचा असतो. ‘मागच्याच वर्षी क्लच आणि गिअरबॉक्सवर चाळीस हजार घातले, आता गाडी कशी सोडायची?’ असे मालक म्हणतो. ते चाळीस हजार गाडी ठेवली तरी परत येणार नाहीत आणि विकली तरी येणार नाहीत. आजच्या निर्णयात त्यांना स्थान नाही. मात्र त्या खर्चामुळे गिअरबॉक्स आणखी काही वर्षे त्रास देणार नसेल, तर तो लाभ पुढील खर्चाच्या अंदाजात जरूर धरावा. गेलेला पैसा आणि त्यातून उरलेली उपयुक्तता या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

एक उदाहरण घेऊ. त्यातील आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी कल्पिले आहेत. समजा, नऊ वर्षांची पिकअप आज आहे त्या स्थितीत दीड लाखाला विकली जाईल. इंजिनाचे काम ८०,००० रुपयांचे आहे, त्यानंतर ती तीन वर्षे चालेल आणि शेवटी ७०,००० रुपये येतील. किमतीतील घट ८०,००० आणि दुरुस्ती ८०,०००, मिळून १,६०,०००. म्हणजे वर्षाला सुमारे ५३,०००. इतर दुरुस्त्या वर्षाला ६०,०००. गाडी वर्षात वीस दिवस उभी राहिली आणि दिवसाची निव्वळ मिळकत १,५०० असली, तर बुडालेली मिळकत ३०,०००. एकूण वार्षिक खर्च १,४३,०००.

नव्या गाडीची किंमत साडेनऊ लाख धरू. जुनीचे आलेले दीड लाख भरून उरलेले आठ लाख दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,००० आणि एकूण व्याज सुमारे २,२०,००० रुपये. आठ वर्षांनी गाडी अडीच लाखाला गेली असे मानल्यास घट वर्षाला ८७,५०० आणि व्याजाचा वाटा २७,५००. सरासरी दुरुस्ती ३०,०००, पाच दिवसांची बुडीत मिळकत ७,५००, जास्तीचा विमा १५,०००. एकूण १,६७,५००. येथवर जुनी गाडी स्वस्त दिसते.

परंतु डिझेल अद्याप हिशेबात आलेले नाही. जुनी लिटरला ११ किलोमीटर आणि नवी १३ किलोमीटर जात असेल, तर वर्षाच्या ३०,००० किलोमीटरांत सुमारे ४२० लिटरांचा फरक पडतो. लिटरला ९५ रुपये धरल्यास हे झाले ४०,००० रुपये. जुनीचा खर्च १,८३,००० वर जातो आणि पारडे फिरते. तीच गाडी वर्षाला १५,००० किलोमीटरच चालत असेल, तर फरक २०,००० चा राहतो आणि जुनी पुन्हा स्वस्त ठरते. या उदाहरणात सीमारेषा सुमारे १८,००० किलोमीटरवर येते. सारांश काय, ‘गाडी किती वर्षांची?’ यापेक्षा ‘ती वर्षाला किती चालते?’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. आणि त्याचे उत्तर देणारी खर्चाची वही मात्र फार थोड्या गाड्यांत सापडते.

वार्षिक सरासरी एक गोष्ट लपवते. हप्ते आठ वर्षांत वाटले जात नाहीत. पहिली पाच वर्षे दरवर्षी दोन लाखांहून अधिक रोख बाहेर जाते. ज्याला एखाद्या ठेकेदाराचे किंवा दुकानाचे बांधलेले काम आहे, त्याला हे पेलते. जो रोज सकाळी नाक्यावर भाड्याची वाट पाहतो, त्याचे पावसाळ्यातील दोन महिने मंद गेले तर हप्ते थकतात. मग गाडी जप्त होण्याची भीती, आणि जुनी तर आधीच गेलेली. अशा मालकाने कागदावर पंधरा हजारांचा तोटा दिसत असतानाही जुनी गाडी दुरुस्त करून घेतली, तर त्याला अडाणी म्हणू नये. तो तेवढ्या पैशांत निर्धास्तपणा विकत घेत असतो. तीनचार वर्षे वापरलेली गाडी घेण्याचा मधला मार्गही आहे, पण तिचा पूर्वेतिहास ठाऊक नसेल तर वरील सारी तपासणी तिलाही लागू पडते.

नवी गाडी म्हणजे कटकट संपली, ही समजूतही पारखून घ्यावी. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे प्रदूषण-नियम लागू झाले. त्यामुळे नव्या डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करणारी यंत्रणा आणि अनेक सेन्सर आले. ज्या गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते, तिथे ती जाळी तापून स्वच्छ होण्यासाठी गाडी काही काळ सलग चालावी लागते. गल्लीबोळांतील लहान खेपांत ते साधत नाही. जुन्या गाडीचा पुष्कळसा बिघाड पाना-पकडीने दूर होई. नवीसाठी संगणकाची गरज पडते.

कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. मालवाहू गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावे लागते, म्हणजे नऊ वर्षांच्या गाडीला त्या खर्चाची दरवर्षी तजवीज हवी. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या भंगार-धोरणानुसार नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत काढल्यास ठेव-प्रमाणपत्र मिळते. ते दाखवून नवे मालवाहू वाहन घेणाऱ्यास मोटार वाहन करात पंधरा टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. पण चालती गाडी भंगारात देणे क्वचितच परवडते. तिला बाजारात गिऱ्हाईक असते.

बदल ठरलाच, तर जुनी गाडी चालती असतानाच विकावी. रस्त्यात बंद पडून गॅरेजच्या दारात उभी राहिलेल्या गाडीचा भाव गिऱ्हाईक ठरवते. विकल्यावर नोंदणीपुस्तकात नव्या मालकाचे नाव चढले आहे याची स्वतः खातरजमा करावी. कोऱ्या फॉर्मवर सही देऊन मोकळे होण्याची रीत सर्रास आढळते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेल्या निकालानुसार, अपघात झाल्यास भरपाईसाठी ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच मालक धरला जातो, मग गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो.