सही करण्याआधी पासबुक मागा

2019 मधली गोष्ट. पुण्याच्या कुटुंब न्यायालयात तिने घटस्फोटाच्या कन्सेंट टर्म्सच्या प्रत्येक पानावर सही केली आणि बाहेर येऊन बहिणीला फोन लावला, "सुटले गं. फ्लॅट माझ्या नावावर झाला." वय 46, संसार 21 वर्षांचा. फ्लॅट आणि दागिने तिचे, बाकी सगळं त्याचं, यापुढे कुणाचा कुणावर हक्क नाही, अशी वाटणी ठरली होती. तेव्हा तिला ती बरोबरीची वाटली.

त्या "बाकी"त काय काय होतं, हे तिला दोन वर्षांनी उमगलं. नवऱ्याचा पीएफ, पीपीएफ, एनपीएस आणि निवृत्तीला मिळणारी ग्रॅच्युइटी. फ्लॅट राहायला होता, पण त्यातून किराणा येत नव्हता. उलट सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी दरवर्षी दारात उभी.

लग्नानंतर सात वर्षं तीही नोकरी करत होती. फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी तिने आपला पीएफ काढला आणि मुलगी झाल्यावर नोकरी सोडली. त्याचा पीएफ मात्र वाढत राहिला. "माझे पैसे भिंतीत गेले, त्याचे पासबुकात राहिले. हे कुणी मोजलंच नाही, मीसुद्धा नाही," ती सांगते.

हे मोजायला कायदा आपणहून येत नाही. हिंदू विवाह कायद्यात संसारात जमलेल्या मालमत्तेचा निम्मा वाटा पत्नीला द्यावा, असा नियम नाही. कलम 25 खाली न्यायालय दोघांचं उत्पन्न आणि मालमत्ता पाहून एकरकमी किंवा मासिक पोटगी ठरवतं. गोव्यात चित्र वेगळं आहे. तिथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशामुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक धरतात. इंग्लंडमध्ये डिसेंबर 2000 पासून न्यायालय पेन्शनचीच विभागणी करून देऊ शकतं. आपल्याकडे पीएफचं खातं असं तोडून निम्मं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. पीपीएफ खातंही एकाच्याच नावाचं असतं आणि त्यावर जप्ती आणता येत नाही.

मग वाटा मिळवायचा कसा? खात्याला हात न लावता त्याची किंमत धरायची आणि तेवढं दुसरीकडून घ्यायचं: एकरकमी पोटगीत, मुदत ठेवीत, घरावरचं कर्ज फेडून घेण्यात. त्यासाठी आधी आकडा हवा. पीएफचं यूएएन पासबुक, पीपीएफचं पासबुक आणि एनपीएसचं विवरणपत्र, तिन्ही एकाच तारखेची मागावीत. लग्नाआधीची शिल्लक वेगळी काढावी, म्हणजे हिशेब त्याच्यावरही अन्याय करणार नाही.

ग्रॅच्युइटी कुठल्याच पासबुकात दिसत नाही, म्हणून ती हमखास सुटते. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 1,04,000 रुपये आणि नोकरी 20 वर्षांची असेल, तर त्या रकमेला 15 ने गुणून 26 ने भागायचं. एका वर्षाचे 60,000 होतात, 20 वर्षांचे 12 लाख. तिच्या वाटणीत या रकमेचा उल्लेखही नव्हता.

तिच्या सह्या झाल्या त्याच्या पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 2020 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या दाव्यांत दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं, असा दंडक घातला. परस्पर संमतीच्या घटस्फोटात भांडण नसल्यामुळे हा तपशील मागायचा राहून जातो. तिथेही त्याच नमुन्यात माहिती मागावी. संमती दिली म्हणून हिशेब विचारू नये, असं कुठेही लिहिलेलं नाही.

आणखी दोन गोष्टी तिला उशिरा कळल्या. घटस्फोट झाला की पूर्वपत्नीचा कुटुंब निवृत्तिवेतनावरचा हक्क संपतो. त्या भरवशावर वाटा सोडू नये. आणि आपल्या स्वतःच्या खात्यांवरचं जुनं नामनिर्देशन आपणच बदलावं लागतं. तिच्या बँकेच्या ठेवीवर त्याचं नाव तीन वर्षं तसंच होतं.

आता ती एका दुकानात हिशेबाचं काम करते. 47 व्या वर्षी तिने पीपीएफ खातं उघडलं. ते पिकेल तेव्हा तिची साठी उलटलेली असेल. ओळखीतल्या कुणाचं असं प्रकरण सुरू झालं की ती स्वतःहून जाऊन बसते आणि कोरा कागद पुढे करते. एका बाजूला घर, सोनं, ठेवी, दुसऱ्या बाजूला पीएफ, पीपीएफ, एनपीएस, ग्रॅच्युइटी. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांनी असा कागद आजच भरावा, वकिलांना दाखवावा आणि एकही रकाना कोरा असेल तोवर सही करू नये.